एका तळ्यात दोन कोळंब्या: जंबो आणि व्हेनामीचे मिश्र संवर्धन कसे करावे

एकाच तळ्यात दोन जातींची कोळंबी वाढवायची म्हटले की पहिला हिशोब बेरजेचा मांडला जातो: एका जातीचे नेहमीचे उत्पादन निघेलच आणि दुसरीचे वरकड हाती लागेल. हा हिशोब पहिल्याच हंगामात फसतो, कारण बीज दुप्पट सोडले म्हणून तळ्यातला रात्रीचा प्राणवायू दुप्पट होत नाही आणि तळाशी साचणारा गाळ निम्मा होत नाही. दुसरी जात आणायची ती पहिलीच्या हातून सुटलेली जागा आणि सुटलेले खाद्य वापरण्यासाठी. पुढे दिलेले सर्व आकडे याच विचारावर बेतलेले आहेत.

जोडी कोणती निवडावी

गोड्या पाण्यातील महाकाय कोळंबी, जिला व्यवहारात जंबो कोळंबी म्हणतात, आणि पांढऱ्या पायांची व्हेनामी ही जोडी मला सर्वांत समंजस वाटते. जंबो तळावर राहते, आपली जागा धरून बसते, बहुतेक हालचाल रात्री करते आणि तळाशी पडलेले जे मिळेल ते नांग्यांनी उचलून खाते. व्हेनामी पोहणारी आहे. ती पाण्याच्या मधल्या थरातही फिरते, गर्दी सहन करते आणि तीन ते साडेतीन महिन्यांत विक्रीला येते, तर जंबोला पाच ते सहा महिने लागतात. जागा आणि वेळ दोन्ही बाबतींत त्या एकमेकींच्या वाटेत फारशा येत नाहीत. थायलंडमध्ये किनाऱ्यापासून दूर असलेल्या तळ्यांत ही जोडी अनेक वर्षांपासून वाढवली जात आहे.

काळी टायगर आणि व्हेनामी एकत्र सोडण्याचा सल्ला मी देणार नाही. दोघी एकाच कुळातल्या आहेत, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला दोघी सारख्याच बळी पडतात आणि एकीमुळे आलेली साथ दुसरीलाही घेऊन जाते. जंबो कुळातल्याच दोन जाती एकत्र ठेवल्या तर दोन्हीकडच्या नरांना तळाचीच जागा हवी असते, त्यामुळे मिश्र संवर्धनाचा हेतूच उरत नाही.

व्हेनामीचे मूळ स्थान मेक्सिकोपासून पेरूपर्यंतचा प्रशांत महासागराचा किनारा आहे. इतरत्र ती परकी जात ठरते आणि तिच्या संवर्धनासाठी अनेक देशांत परवाना घ्यावा लागतो. तळ्याला हात लावण्यापूर्वी ही बाब पूर्ण करावी.

क्षारता: दोघींनी थोडे थोडे सोडायचे

पाण्याच्या दर हजार भागांत किती भाग क्षार आहेत हे पीपीटी या एककात मोजतात. समुद्राचे पाणी साधारण ३५ पीपीटी असते. व्हेनामी ०.५ पासून ४५ पीपीटीपर्यंत तग धरते, पण तिच्या रक्तातील आणि पाण्यातील क्षारांचा समतोल सुमारे २५ पीपीटीला साधतो. पाणी त्याहून जितके गोडे, तितकी तिची ताकद शरीरातले क्षार सांभाळण्यात खर्च होते. जंबोचे उलट आहे. ती वाढते गोड्या पाण्यात, १० पीपीटीपर्यंत निभावून नेते, पण तिथे तिची वाढ मनासारखी होत नाही. म्हणून मिश्र तळ्यासाठी ३ ते ५ पीपीटी हा पट्टा धरावा. पुढची सर्व उदाहरणे ४ पीपीटी गृहीत धरून दिली आहेत.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्या शेततळ्याचे पाणी पिकाला द्यायचे आहे, त्यात हे संवर्धन करू नये. ४ पीपीटी पाण्याची विद्युतवाहकता मीटरला सुमारे ७ डेसिसीमेन्स भरते आणि बहुतेक पिकांना ती सोसत नाही. गोड्या पाण्याच्या शिवारात मुद्दाम मीठ आणून तळे खारट करणे म्हणजे झिरपणाऱ्या प्रत्येक थेंबाबरोबर शेजारच्या जमिनीचे नुकसान करणे होय. जिथे भूजल मुळातच मचूळ आहे, किंवा खाडीचे पाणी पोहोचते आणि जमीन शेतीच्या उपयोगाची राहिलेली नाही, तिथेच ही पद्धत योग्य आहे. प्लॅस्टिकचे अस्तर असले तरी ते फाटू शकते हे गृहीत धरावे.

मचूळ पाणी ४ पीपीटी दाखवते म्हणून ते समुद्राच्या पाण्याचे पातळ रूप असते असे समजू नये. भूजलात सोडियम आणि क्लोराइड भरपूर असून पोटॅशियम जवळजवळ नसणे ही नेहमीची स्थिती आहे. अशा पाण्यात व्हेनामीचे बीज दोन-तीन दिवस ठीक दिसते, मग सुस्त पडते, अंग आकसते आणि कात टाकताना मरते. क्षारतामापक हा दोष दाखवत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतून खनिजांची तपासणी करून घ्यावी लागते. समुद्राच्या पाण्यातील प्रमाण आधार धरले, तर दर १ पीपीटीमागे लिटरला पोटॅशियम सुमारे १०.७, मॅग्नेशियम ३९ आणि कॅल्शियम ११.६ मिलिग्रॅम असावे. म्हणजे ४ पीपीटीला पोटॅशियम सुमारे ४३, मॅग्नेशियम १५६ आणि कॅल्शियम ४६ मिलिग्रॅम.

हिशोब असा करावा. ४,००० चौरस मीटरच्या तळ्यात सरासरी १.२ मीटर पाणी असेल तर ते ४,८०० घनमीटर होते. एवढ्या पाण्यात कोणतेही खनिज लिटरला १ मिलिग्रॅमने वाढवायला त्याचे ४.८ किलो लागतात. तपासणीत पोटॅशियम १५ मिलिग्रॅम आले, तर तूट २८ ची. २८ गुणिले ४.८ म्हणजे सुमारे १३४ किलो शुद्ध पोटॅशियम. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाच्या जवळजवळ निम्मे पोटॅशियम असते, म्हणून सुमारे २७० किलो खत लागेल. ते ड्रममध्ये पूर्ण विरघळवून, तीन-चार हप्त्यांत, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालू असताना पसरावे आणि बीज येण्याआधी पाणी पुन्हा तपासावे. तळाची माती पोटॅशियम धरून ठेवते, त्यामुळे पहिल्या हंगामात महिन्याभराने पुन्हा कमतरता दिसू शकते.

तळ्याची तयारी

तळ पूर्ण सुकवून भेगा पडू द्याव्यात, काळा गाळ काढून टाकावा आणि मातीचा सामू पाहून चुना द्यावा. उताराचा शेवट सांडव्याशी यावा, म्हणजे शेवटच्या काढणीला जंबो खड्ड्याखड्ड्यांत अडकून राहणार नाही. पाणी आत घेताना ते बारीक जाळीच्या लांब पिशवीतून गाळावे. काठाभोवती गुडघाभर उंचीचे प्लॅस्टिकचे कुंपण घालावे, कारण खेकडे हे पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूचे वाहक असतात. याच कुंपणाने बेडूक, साप आणि रात्री काठावर चढणारी जंबोही अडते.

खरे लक्ष द्यावे ते लपण्याच्या जागांकडे. कोळंबी वाढते ती कात टाकून, आणि कात टाकल्यानंतर काही तास तिचे अंग मऊ असते. मिश्र तळ्यातील जवळजवळ सगळी परस्पर-भक्षणाची हानी याच काही तासांत होते. जंबोचे कवच कडक असेल आणि शेजारची व्हेनामी मऊ असेल, तर ती पकडली जाते. जंबो मऊ असेल तर तिच्याच जातीचा मोठा नर तिला सोडत नाही. म्हणून तळाच्या सुमारे एक-पंचमांश भागात सुक्या फांद्यांचे भारे, जुन्या जाळ्यांचे उभे पडदे किंवा बांबूचे ताटवे बसवावेत. उभे पडदे जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांच्या दोन्ही बाजू वापरात येतात आणि त्यांवर चढलेले शेवाळ खाद्यही पुरवते. हे सर्व काठालगत ठेवावे, म्हणजे मधली जागा ओढजाळ्यासाठी मोकळी राहील.

बीज: आधी कोण, नंतर कोण

जंबोच्या अळ्यांना वाढीसाठी सुमारे १२ पीपीटीचे मचूळ पाणी लागते, हे शाओ-वेन लिंग यांनी १९६१ मध्ये मलेशियातील पेनांग येथे शोधून काढले आणि त्यातूनच या जातीच्या हॅचरी, म्हणजे बीज तयार करणारी केंद्रे, शक्य झाल्या. या माहितीचा शेतकऱ्याला सरळ उपयोग आहे: तळ्यात अंडी धरलेल्या माद्या दिसल्या तरी त्यांच्यापासून घरचे बीज तयार होईल अशी आशा धरू नये. दोन्ही जातींचे बीज दर वेळी हॅचरीतूनच आणावे लागते.

व्हेनामीचे बीज रोगमुक्त प्रजनक साठ्यातून आलेले, पीसीआर तपासणी (रोगजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) झालेले आणि पीएल-१२, म्हणजे अळी अवस्था संपून बारा दिवस झालेले, किंवा त्याहून मोठे असावे. कमी क्षारतेसाठी पीएल-१५ अधिक सुरक्षित. त्या वयापर्यंत गिलांची (कल्ल्यांची) वाढ पुरेशी होते आणि क्षारतेतला उतार बीजाला पेलतो. हॅचरीलाच आधीपासून पाणी ५ पीपीटीपर्यंत उतरवायला सांगावे. ते शक्य नसेल तर तळ्याकाठी टाकीत ताशी २ पीपीटीपेक्षा जलद नाही, आणि ८ पीपीटीच्या खाली ताशी १ पेक्षा जलद नाही, अशा बेताने तळ्याचे पाणी मिसळत जावे. हे काम रात्रभर चालते आणि ते घाईने उरकता येत नाही.

बीज मागवण्याच्या चार दिवस आधी हॅचरीतून थोडे नमुन्याचे बीज आणून, सावकाश पाण्याची सवय लावून, तळ्यातच बारीक जाळीच्या हापात (पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) १०० पिले मोजून सोडावीत. ७२ तासांनी हापा उचलून पांढऱ्या थाळीत पाणी घ्यावे आणि एकेक पिलू मोजावे. निरोगी पिलू थाळीत हाताने भोवरा केला की प्रवाहाविरुद्ध तोंड करून धडपडते. दुबळे पिलू मध्यभागी गोळा होते. ८५ पेक्षा कमी जिवंत राहिली तर दोष बीजाचा नसून बहुधा पाण्याचा असतो, आणि खनिजे पुन्हा तपासल्याशिवाय मुख्य बीज आणू नये. एवढ्या एका चाचणीने पूर्ण हंगाम वाचू शकतो, तरीही सर्वांत जास्त टाळली जाते ती हीच.

आता क्रम. व्हेनामीचे बीज आधी तळ्यात सोडावे. जंबोचे बीज त्याच्या सुमारे महिनाभर आधी आणून वेगळ्या छोट्या तळ्यात किंवा टाकीत, उभ्या जाळ्या लावून, सुमारे दोन महिने वाढवावे. व्हेनामी सोडून चार आठवडे झाले की ती साधारण १ ग्रॅमची होते. तेव्हा १ ते २ ग्रॅमची जंबो पिले तळ्यात आणावीत. उलट केले, म्हणजे जंबो आधी मोठी होऊ दिली आणि मग व्हेनामीचे केसाएवढे बीज तिच्यासमोर सोडले, तर ते महागडे खाद्य ठरते.

जंबोची पिले सोडताना ती निवडून घ्यावीत. एकाच दिवशी आणलेल्या बीजातली काही पिले दोन महिन्यांत इतरांच्या तिप्पट-चौपट होतात. गजांच्या चाळणीतून पिले काढली की ही दांडगी पिले वर राहतात. ती मिश्र तळ्यात न टाकता वेगळी वाढवावीत. शक्य असेल तर केवळ नरांचे बीज घ्यावे, कारण माद्या वयात आल्या की त्यांची ताकद अंड्यांकडे वळते आणि वाढ मंदावते.

पहिल्या हंगामात घनता दर चौरस मीटरला व्हेनामी १२ आणि जंबो २.५ यांच्या वर नेऊ नये. आपल्या उदाहरणातील तळ्यात ४८,००० व्हेनामी आणि १०,००० जंबो बसतात. व्हेनामी ७० टक्के जगून १५ ग्रॅमची झाली तर सुमारे ५०० किलो. जंबो ६० टक्के जगून सरासरी ४० ग्रॅमची झाली तर २४० किलो. तळ्यात एका वेळी असणाऱ्या दर ४०० ते ५०० किलो कोळंबीमागे १ अश्वशक्तीचा एरेटर धरतात, म्हणून २ अश्वशक्ती किमान आणि वीज गेल्यास जनरेटर. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी घनता निम्मी करावी. केवळ पाणी बदलून ही उणीव भरून निघत नाही.

खाद्य आणि चेक ट्रेची दिशाभूल

३२ ते ३५ टक्के प्रथिनांचे, बुडणारे आणि पाण्यात किमान दोन तास आकार टिकवणारे व्हेनामीचे खाद्य दोघींना चालते. सुरुवातीला अंदाजे वजनाच्या १० टक्के आणि वाढत्या वयाबरोबर उतरत ३ टक्क्यांपर्यंत, असा रोजचा बेत असावा. व्हेनामी दिवसभर थोडे थोडे खाते, तर जंबो अंधार पडल्यावर बाहेर येते. म्हणून दिवसाचे हप्ते लहान ठेवून रोजच्या खाद्याचा ४० टक्के भाग संध्याकाळी द्यावा, आणि त्यातला काही भाग लपण्याच्या जागांच्या कडेने टाकावा.

एकाच जातीच्या तळ्यात चेक ट्रे (खाद्य किती संपले हे पाहण्यासाठी तळ्यात सोडलेली थाळी) रिकामा आला की खाद्य थोडे वाढवायचे, हा नियम बरोबर आहे. मिश्र तळ्यात तो जसाच्या तसा लागू होत नाही. ट्रे ही तळाजवळची, खाद्याने भरलेली आयती जागा असल्याने निळ्या नांग्यांचा एखादा मोठा नर ती आपली म्हणून धरतो. ट्रे हळू उचलला तर तो मध्यभागी नांग्या पसरून बसलेला दिसतो आणि भोवती खाद्य तसेच पडलेले असते, कारण व्हेनामी त्याच्या जवळ येत नाही. हे पाहून खाद्य कमी केले, तर उरलेल्या तळ्यात उपासमार होते आणि भक्षण वाढते. म्हणून ट्रे किमान चार ठेवावेत, त्यांतले दोन लपण्याच्या जागांपासून दूर आणि तळापासून वीतभर वर टांगावेत आणि खाद्याचा निर्णय मुख्यतः या दोनांवर घ्यावा. त्याच वेळी चार-पाच व्हेनामी हातात घेऊन उजेडासमोर धराव्यात; पाठीतून जाणारी आतड्याची गडद रेघ अखंड असेल तर पोट भरलेले आहे. रेघ तुटक किंवा पांढुरकी दिसली, अथवा पाण्यावर पांढरे धागे तरंगताना दिसले, तर खाद्य कमी करून त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

पाण्याची रोजची नोंद

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास प्राणवायू मोजावा. तो लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये. मीटर नसेल त्या दिवशी बॅटरी घेऊन काठाने एक फेरी मारावी. प्राणवायू कमी पडला की जंबो सर्वांत आधी काठाला येते. उथळ पाण्यात रांगेने, डोळे चमकताना दिसतात आणि उजेड पडला तरी मागे सरकत नाही. ही व्हेनामीसाठीही आगाऊ सूचना असते, आणि मिश्र तळ्याचा हा एक खरा फायदा आहे.

सामू ७.५ ते ८.५ दरम्यान आणि सकाळ-दुपारचा फरक १ पेक्षा कमी राहावा. अल्कता लिटरला १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. ती १८० च्या पुढे गेली आणि सामूही चढला तर जंबोच्या कवचावर चुन्याचा थर बसतो व कात टाकणे कठीण होते. तापमान २८ ते ३१ अंश सेल्सिअस दोघींना मानवते. नायट्राइटबद्दल विशेष सावध असावे. खाऱ्या पाण्यातील भरपूर क्लोराइड त्याला गिलांतून आत शिरू देत नाही. ४ पीपीटीला हे संरक्षण फार थोडे उरते, म्हणून समुद्राच्या पाण्यासाठी छापलेली नायट्राइटची मर्यादा येथे वापरू नये.

रोग

जंबो पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूला बरीच सहन करते, आणि धोका नेमका तिथेच आहे: ती स्वतः धडधाकट दिसत असताना विषाणू बाळगते आणि व्हेनामीला देते. डेकापॉड इरिडेसंट विषाणू १ तर दोघींनाही मारतो; जंबोमध्ये डोक्याच्या कवचाखाली पांढरा त्रिकोणी डाग ही त्याची खूण सांगितली जाते. त्यामुळे पीसीआर तपासणी केवळ व्हेनामीच्या बीजाची करून भागत नाही. जंबोच्या बीजाचीही करावी, त्यात शेपटी पांढरी पडणाऱ्या रोगाचा विषाणूही तपासावा, आणि व्हेनामीसाठी ईएचपी या सूक्ष्म परजीवीची तपासणी वगळू नये. विषाणूंवर औषध नाही. प्रतिजैविके टाकून काही साधत नाही, उलट माल नाकारला जातो.

काढणी

व्हेनामी ९० ते १०० दिवसांत विक्रीयोग्य होते. काढणीच्या आदल्या दिवशी फेकजाळे टाकून १०० नग तपासावेत. पाचपेक्षा जास्त मऊ निघाले तर तीन-चार दिवस थांबावे. ओढजाळे पहाटे, पाणी न उतरवता, मधल्या मोकळ्या जागेतून ओढावे. जाळ्यात आलेल्या जंबोंपैकी लांब निळ्या नांग्यांचे नर विक्रीला काढावेत आणि केशरी नांग्यांचे नर परत सोडावेत. निळ्या नांग्यांच्या नरांची वाढ जवळजवळ थांबलेली असते, पण त्यांच्या दबावाखाली लहान नर खुंटून राहतात. ते निघाले की मागचे झपाट्याने वाढतात. व्हेनामी निघाल्यानंतरच्या दोन महिन्यांत जंबोची खरी वाढ होते, कारण जागा आणि प्राणवायू आता तिच्या एकटीच्या वाट्याला येतात. मधल्या काळात व्हेनामीची दुसरी तुकडी घालण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळावा.

दोन्ही जाती काठावरच वेगळ्या टोपल्यांत घ्याव्यात, नाहीतर जंबोच्या नांग्या व्हेनामीची कवचे फोडतात. दोघींनाही तत्काळ बर्फ आणि पाण्याच्या काल्यात बुडवून मारावे. जंबोच्या डोक्यातील पाचक रस मेल्यानंतर लवकर मांसात उतरतात आणि मांस भुसभुशीत होते, म्हणून तिला बर्फात दिवसेंदिवस ठेवू नये; जिवंत विकता आली तर सर्वांत उत्तम.

शेवटच्या काढणीनंतर तळ्याचे पाणी ओढ्यात किंवा शेतात सोडू नये. बाजूला एक राखीव तळे असावे, त्यात ते तीन-चार आठवडे निवळू द्यावे आणि पुढच्या हंगामासाठी परत घ्यावे. त्यात घातलेले पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही त्याच्याबरोबर परत येते, त्यामुळे दुसऱ्या वर्षी खनिजांची मात्रा ठरवण्याआधी पाणी नव्याने तपासून घ्यावे.